शेरा

आमच्या संस्थेच्या नोंदवहीत अकरा रकाने आहेत.
दहा छापील, ऐसपैस.
अकरावा शेऱ्याचा, दीड बोटाचा.
देणगीदारांना तो लागत नाही,
म्हणून छापखान्यानं त्याला उरलेली जागा दिली.

उमदीच्या पुढल्या वस्त्यांवरून
दर महिन्याच्या सात तारखेला वही येते
एसटीच्या कंडक्टरच्या हाती,
कधी तेलाचा डाग घेऊन, कधी पानांत अडकलेला बाभळीचा काटा.
लिहिणारी तंगेव्वा बिरादार, आरोग्य सखी.
लहानपणी चौथी पास,
संस्थेच्या रात्रवर्गात पुन्हा एकदा चौथी पास.
आकडे कानडी वळणाचे, अक्षरं मराठी,
दीड बोटात न मावणारी, समासात चढलेली.

वजन सात किलो सातशे. शेरा :
काटा लिंबाला बांधला. पोरगं झोळीत झोकं घ्यायला लागलं,
काटा थांबंना. दोनशे ग्रॅम हसण्याचे धरावेत.

रक्त आठ. शेरा :
गोळ्या दिल्या. घेत न्हाई. म्हनते शी काळी होते, सासू घाबरते.
सासूला बसवून सांगितलं. सासूचंबी रक्त बघितलं.
सात.

शिलाई मशीन, हप्ता दुसरा. शेरा :
शारव्वा परीट. पैसे न्हाईत, तीन झबली दिली.
झबली बाळंतिणीला पोचवली.
हप्ता फिटला असं मी म्हनते. तुमी काय म्हनता ते कळवा.

(कुणी कळवलं नाही.)

हंगामी वसतिगृह, गैरहजर एक. शेरा :
मल्लू ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढला हुता, आईमागं.
उतरवून आणला. दोन दिवस बोलला न्हाई.
तिसऱ्या दिवशी बाराचा पाढा म्हनला, न अडखळता,
भिंतीकडं तोंड करून.

मी विश्रामबागेतल्या खोलीत
पंख्याखाली बसून हे संगणकात भरते.
तिथं शेऱ्याला दोनच पर्याय :
समाधानकारक, असमाधानकारक.
भिंतीकडं तोंड करून म्हटलेला पाढा
यातल्या कशात बसतो?
मी समाधानकारक दाबते.
पुढची ओळ.

मार्चच्या तोंडावर साहेब म्हणाले,
जाऊन सांगा त्या बाईंना, थोडक्यात लिहा म्हणावं.
मी पहाटेची गाडी धरली.
जतच्या स्टँडवर चहा, पुढं पुन्हा चहा,
मग फुफाट्याची वाट, दोन्हीकडं डाळिंबाचे बाग
जुन्या साड्या पांघरून उन्हात उभे.

शाळेच्या पडवीत बायकांची रांग.
तंगेव्वानं मान वर न करता म्हटलं,
काय सांगायचंय ते सांगा, तवर बोट द्या.

दिलं.

कागदावर थेंब, शेजारी लालाच्या सहा छटा,
पिकल्या डाळिंबापासून
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यापर्यंत.
ती थेंब उन्हाकडं धरून बघत राहिली,
मागची बाईही वाकून बघायला लागली,
आणि लुगड्याच्या बाजूला सरकलेलं तिचं बोट
मला दिसलं.
थोडक्यात लिहा, हे वाक्य
तोंडातच राहिलं.

एप्रिलच्या वहीत त्रेचाळिसावी ओळ माझी.
लाभार्थीच्या रकान्यात, परीट आणि पुजारींच्या मधे.
वय अंदाजानं, चार वर्षं जास्तच.
रक्त नऊ. शेरा :
सांगलीच्या बाई. समद्यांचं लिवतात.
सकाळधरनं चहावर.
दोन भाकरी आन शेंगदाण्याची चटणी वाढली, एकच खाल्ली.
फुडल्या महिन्यात परत बघावं लागंल.

संगणक पर्याय विचारतो आहे.
मी अजून दाबलेला नाही.
गोळी घेते, रात्री, जेवल्यावर.
शी काळी होते.
घाबरत नाही.